बॉम्ब पाचव्या मजल्यावर, बातम्या तळघरातून: बीबीसी, लंडन, १५ ऑक्टोबर १९४०

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रेडिओचा विषय निघाला की हा प्रसंग कुणीतरी सांगतंच. १५ ऑक्टोबर १९४०, मंगळवार, रात्रीचे ९ वाजून २ मिनिटं. ब्रूस बेलफ्रेज नावाचा निवेदक ९ च्या बातम्या वाचतोय, मध्येच धप्प असा दबका आवाज येतो, तो क्षणभर थांबतो, शेजारून कुणीतरी कुजबुजत सांगतं की ठीक आहे, आणि तो कागदावर पडलेली धूळ फुंकून पुढचं वाक्य वाचायला घेतो. बॉम्ब त्याच इमारतीत फुटलेला असतो, वर, पाचव्या मजल्यावर. त्यात सात माणसं जातात.

प्रसंग खरा आहे. पण सांगणारे तो नेहमी ९:०२ ला सुरू करतात आणि मिनिटाभरात संपवतात. तो बॉम्ब इमारतीत शिरला होता साधारण ८:०५ ला. म्हणजे मधली जवळजवळ ५७ मिनिटं तो तिथंच होता, न फुटता, आणि इमारतीत माणसं काम करत होती. या प्रकरणातलं खरं शिकण्यासारखं त्या ५७ मिनिटांत आहे आणि त्याच्या आधीच्या वर्षभराच्या तयारीत आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बेलफ्रेजचं नाव सगळीकडे जाहीर आहे म्हणून घेतलंय, त्या रात्रीच्या बाकी कुणाचं नाव मुद्दाम घेत नाही.

पार्श्वभूमी

युद्ध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, १ सप्टेंबर १९३९ ला, बीबीसीनं एका दिवसात आपला सगळा कारभार बदलला. अलेक्झांड्रा पॅलेसवरून लंडनच्या आसपास दिसणारा टेलिव्हिजन बंद केला, नॅशनल आणि रिजनल असे जे वेगवेगळे कार्यक्रम लागायचे ते गुंडाळले, आणि सगळ्या देशाला एकच होम सर्व्हिस दिली, ३९१ आणि ४४९ मीटरच्या वेव्हलेंग्थवर.

यामागचं कारण समजून घ्यायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय तिथूनच निघतात. विमानातल्या माणसाला रेडिओ केंद्राचा सिग्नल मिळाला की तो कुठल्या दिशेनं येतोय ते कळतं, दोन केंद्रांचे सिग्नल मिळाले की आपण नकाशावर नेमके कुठं आहोत तेही कळतं. म्हणजे लंडनचं केंद्र रात्री सुरू ठेवणं म्हणजे जर्मन विमानांना वाट दाखवणं. सगळं बंद ठेवावं तर लोकांना बातमी मिळणार नाही, आणि बातमी मिळाली नाही की अफवा पसरतात. मग इंजिनिअर लोकांनी मधला मार्ग काढला तो असा की लांब लांबच्या गावांतले ट्रान्समीटर एकाच वेव्हलेंग्थवर, एकमेकांशी अगदी जुळवून चालवायचे, म्हणजे लांबून येणाऱ्या विमानाला सगळ्यांचा मिळून एक गोंधळलेला सिग्नल मिळतो, दिशा काढता येत नाही. विमान एखाद्या ट्रान्समीटरच्या फार जवळ आलं तर मात्र तेवढा एक वेगळा ओळखू येतो, म्हणून हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या मुख्यालयाकडून, म्हणजे फायटर कमांडकडून, निरोप आला की तेवढाच बंद करायचा. कार्यक्रम चालू राहतो, फक्त त्या भागातल्या लोकांना तो लांबच्या ट्रान्समीटरवरून येतो आणि बारीक ऐकू येतो. १९४० च्या हिवाळ्यात रेडिओचा आवाज अचानक खाली गेला की विमानं जवळ आलीत, हे लोक आपसूक ओळखायला लागले होते.

सांगायचा मुद्दा असा की सलग चालू राहायचं हे बीबीसीनं आधीच ठरवलं होतं आणि त्यासाठी यंत्रणा उभी केली होती. १५ ऑक्टोबरच्या रात्री कुणा एका धाडसी माणसानं ते ठरवलं असं झालं नाही.

इमारतीचंही तसंच. पोर्टलँड प्लेसवरचं ब्रॉडकास्टिंग हाउस १९३२ चं. त्याची रचना म्हणजे डब्यात डबा होती: मधोमध विटांच्या जाड भिंतींचा, खिडक्या नसलेला मनोरा, त्यात स्टुडिओ, आणि त्याच्याभोवती बाहेरच्या बाजूनं ऑफिसं, खिडक्यांसकट. मुळात ही रचना केली होती रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. युद्धात तीच उपयोगी पडली. बातम्यांचं काम आणि त्यांचा स्टुडिओ खाली तळघरात नेला. दारांना पोलादी दरवाजे बसवले, बाहेर वाळूची पोती रचली, पहारा बसवला. तळमजल्याखालच्या मोठ्या कॉन्सर्ट हॉलमधल्या खुर्च्या काढून तिथं गाद्या टाकल्या, मध्ये पडदा लावून एकीकडे पुरुष आणि एकीकडे बायका, कारण रात्रपाळी संपल्यावर हवाई हल्ल्यात घरी जाणं शक्यच नसायचं. बरेच विभाग लंडनबाहेर हलवले होते, मनोरंजनाचे आणि संगीताचे लोक ब्रिस्टलला, काही जण ईव्हशॅमजवळच्या वूड नॉर्टन नावाच्या मोठ्या बंगल्यात. तो बंगला बीबीसीनं १९३९ मध्येच अशा वेळेसाठी घेऊन ठेवला होता.

आणखी एक बदल त्याच उन्हाळ्यातला. तोपर्यंत निवेदक आपलं नाव सांगत नसत. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, जर्मन सैन्य इंग्लंडमध्ये उतरेल अशी भीती होती, उद्या कुणी खोटा निवेदक बसवून खोट्या बातम्या वाचल्या तर काय, म्हणून निवेदकांनी सुरुवातीला नाव सांगायचं ठरलं. लोकांना आवाज ओळखीचे व्हावेत हा हेतू. बेलफ्रेज मूळचा नट. त्याचं नाव घराघरात पोचलं ते या नियमामुळे.

त्या दिवसापर्यंतची परिस्थिती

लंडनवर ७ सप्टेंबरपासून रोज रात्री बॉम्ब पडत होते. आदल्याच रात्री, १४ तारखेला, बॅलमच्या भुयारी रेल्वे स्टेशनवर बॉम्ब पडून खाली आसऱ्याला थांबलेली साठाहून जास्त माणसं मेली होती. तरी रेडिओचा दिवस ठरल्याप्रमाणे चालायचा. सकाळी ७ आणि ८ ला बातम्या, मग किचन फ्रंट, म्हणजे रेशनवरच्या धान्यात आणि बटाट्यात काय रांधता येईल ते सांगणारा छोटा कार्यक्रम, मग शाळांसाठीचे पाठ, कारखान्यांत लावायचं संगीत, दुपारी १ च्या बातम्या, संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम (राजकुमारी एलिझाबेथ त्यावर पहिल्यांदा बोलली ती याच आठवड्यात, रविवारी १३ तारखेला, घरापासून लांब पाठवलेल्या मुलांशी), ६ च्या बातम्या. आणि या सगळ्यावर ९ च्या बातम्या. देशात रेडिओचे ९० लाखांच्या आसपास परवाने होते, एका परवान्यामागं एक घर धरलं तरी किती कान ऐकत असतील याचा अंदाज येतो. घड्याळ लावायचं, शेजाऱ्यांना आत बोलवायचं, गप्प बसून ऐकायचं, असा तो कार्यक्रम होता.

चंद्र भरत आला होता, आपल्याकडे कोजागिरीच्या आसपासची ती रात्र. लंडनकरांना तेव्हा पूर्ण चंद्राची धास्ती वाटायची, नदी आणि रस्ते वरून स्वच्छ दिसायचे. त्या रात्रीचा हल्ला त्या महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या हल्ल्यांपैकी एक होता.

अडचण नेमकी काय होती

८ वाजून ५ मिनिटांच्या सुमाराला ५०० पौंडी, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपासचा, एक बॉम्ब सातव्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरला आणि मजले फोडत खाली येऊन पाचव्या मजल्यावरच्या संगीत ग्रंथालयात, स्वरलिप्यांच्या कपाटांमध्ये, येऊन थांबला. फुटला नाही.

न फुटलेला बॉम्ब दोन कारणांनी पडून राहू शकतो. एक, त्यात बिघाड झालाय. दोन, त्यात घड्याळ आहे. जर्मनांकडे तेव्हा १७ नंबरचा फ्यूज, म्हणजे बॉम्ब फोडणारी कळ, होता, घड्याळावर चालणारा, तीन दिवसांपर्यंत कितीही वेळानं फुटेल असा लावता येणारा. बाहेरून बघून यातलं काय आहे ते सांगता येत नाही, माहीतगार माणूस स्टेथोस्कोप लावून टिकटिक ऐकतो आणि मग ठरवतो. शिवाय काही फ्यूजच्या खाली आणखी एक साधन बसवलेलं असायचं, फ्यूज बाहेर काढायला गेलं की बॉम्ब फुटावा असं. ही सगळी माहिती सैन्याच्या बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकड्यांना होती, आणि त्यांनाही ती माणसं गमावत गमावतच मिळत होती.

त्या तुकड्या मोजक्या होत्या आणि लंडनमध्ये तेव्हा असे न फुटलेले बॉम्ब ढिगानं पडून होते. त्यासाठी क्रम लावलेला होता, अ वर्गातला बॉम्ब म्हणजे कितीही धोका असला तरी ताबडतोब काढायचा, आणि खालच्या वर्गातले पडून राहिले तरी चालतील, भोवतालची माणसं हलवा आणि वाट बघा. महिनाभर आधी सेंट पॉल कॅथेड्रलशेजारी पडलेला बॉम्ब खणून काढायला तीन दिवस लागले होते, तोही घड्याळवाला होता, आणि तो गाडीत घालून हॅकनीच्या मोकळ्या मैदानात नेऊन फोडला होता.

म्हणजे ८:०५ नंतर ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये जे कुणी जबाबदार होते त्यांच्यापुढं प्रश्न असे होते: हा बॉम्ब घड्याळाचा आहे का, असेल तर किती वेळ आहे, इमारत रिकामी करायची का, आणि केली तर ५५ मिनिटांनी ९ वाजता काय करायचं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे असणं शक्यच नव्हतं. म्हणून शेवटचे दोन जास्त कठीण झाले.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, सगळी इमारत रिकामी करायची आणि प्रक्षेपण दुसरीकडून करायचं. लंडनमध्येच मेडा व्हेलला बीबीसीचे स्टुडिओ होते, शिवाय ब्रिस्टल, वूड नॉर्टन. कागदावर हे सोपं दिसतं. पण बातम्या देणं म्हणजे नुसता माइक नव्हे, बातम्या लिहिणारे, त्यांच्या हातातले तारांचे कागद, सेन्सॉरनं पास केलेला मजकूर, ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या पोस्ट खात्याच्या टेलिफोन लाइन, हे सगळं एकत्र लागतं. भर हल्ल्यात, रस्त्यात विमानविरोधी तोफांचे तुकडे पडत असताना ही माणसं दुसरीकडे नेणं म्हणजे एका धोक्यातून काढून दुसऱ्यात घालणं. आणि मजकूर वेळेत पोचला नाही तर ९ वाजता शांतता.

ती शांतता फार महाग पडली असती. जर्मनीच्या प्रचार रेडिओवर, हॅम्बर्गहून, लॉर्ड हॉ-हॉ या टोपणनावाचा निवेदक इंग्रजीत बोलायचा आणि लाखो ब्रिटिश लोक तो ऐकायचे, विश्वास ठेवून नसेल पण ऐकायचे. ९ ला बीबीसी गप्प झाली असती तर १० वाजेपर्यंत लंडन पडलं अशी अफवा देशभर गेली असती.

दुसरा पर्याय, वरचे मजले पूर्ण रिकामे करायचे, बॉम्बला हात लावायचा नाही, आणि तळघर चालू ठेवायचं. बॉम्ब पाचव्या मजल्यावर. तळघर आणि त्याच्यामध्ये चार-पाच मजल्यांची स्लॅब. सव्वादोनशे किलोचा बॉम्ब सगळी इमारत पाडू शकत नाही.

तिसरा, बॉम्ब हलवायचा, जमल्यास बाहेर काढायचा, म्हणजे प्रश्नच मिटेल.

आज शांतपणे बसून बघितलं तर दुसरा पर्याय बरोबर दिसतो. पण त्या वेळेला तिसऱ्याचा मोह का होतो तेही कळतं. महिना-सव्वा महिना रोज बॉम्ब पडतायत, माणसं आगीच्या बॉम्बवर वाळू टाकून ते लाथेनं गच्चीवरून खाली ढकलायला शिकलीत, संकट दिसलं की हातानं दूर करायचं ही सवय लागलीय. आगीचा छोटा बॉम्ब आणि हा बॉम्ब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दमलेल्या, झोप न मिळालेल्या माणसाच्या डोक्यात सवय आधी येते.

काय केलं गेलं

प्रत्यक्षात झालं ते दुसऱ्या आणि तिसऱ्याचं मिश्रण. तळघरातलं काम चालू राहिलं, बातम्या तयार होत राहिल्या, ९ ला बेलफ्रेज माइकसमोर बसला. आणि वर बॉम्ब हलवायचे प्रयत्न चालू होते. ते चालू असतानाच ९:०२ ला तो फुटला. बीबीसीचे सात कर्मचारी ठार झाले. पोर्टलँड प्लेसच्या बाजूची भिंत फाटली, संगीत ग्रंथालय उद्ध्वस्त झालं, इमारतभर धूळ आणि पाणी.

खाली स्टुडिओत हादरा बसला, छतावरून प्लॅस्टरची धूळ आणि काजळी कागदांवर पडली. श्रोत्यांना आवाज ऐकू गेला. बेलफ्रेज थांबला, पुढं वाचायला लागला, आणि बातमीपत्र पूर्ण केलं.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी जी शौर्याच्या गोष्टीत हरवून जाते. युद्धकाळात बीबीसीवर कागदावर नसलेला एक शब्दही बोलायची परवानगी नव्हती. बातमी आधी लिहायची, सेन्सॉरच्या नियमांतून न्यायची, मग वाचायची. त्यामुळे बेलफ्रेजसमोर खरं तर दोनच मार्ग होते, वाचत राहणं किंवा थांबणं. "मित्रहो, आत्ता आमच्या इमारतीत बॉम्ब फुटलाय" हे वाक्य त्याला बोलताच येणार नव्हतं. यानं त्याचं धैर्य कमी होत नाही, उलट माझ्या मनात त्याच्याबद्दलचा आदर वाढतो, कारण वर काय झालंय, कोण गेलंय, छत टिकेल का, यातलं काहीही माहीत नसताना आवाज न थरथरता पुढची ओळ उचलणं हे नटाच्या सरावाशिवाय आणि मनाच्या घट्टपणाशिवाय होत नाही. पण काय करायचं हा निर्णय त्याला त्या सेकंदात घ्यावा लागला नाही, तो नियमानं आधीच घेऊन ठेवला होता, आणि म्हणून त्याची सगळी शक्ती आवाजाकडे देता आली. आणि ती जी कुजबुज झाली, ठीक आहे म्हणून, ती फार मोठी मदत होती. स्टुडिओत दुसरं माणूस होतं, त्यानं परिस्थिती बघितली आणि वाचणाऱ्याला एवढंच कळवलं की तू तुझं काम कर. एकट्या माणसाला हे जमलं असतं का, मला शंका आहे.

लोकांना सांगायचं की नाही

बातम्यांत या बॉम्बबद्दल काही सांगितलं गेलं नाही. कारण उघड आहे, जर्मन लोक बीबीसी ऐकत होते, आपला बॉम्ब कुठं पडला हे त्यांना फुकट कळायला नको. हल्ल्यात नेमकी कुठली इमारत सापडली हे तेव्हा कुणाच्याच बाबतीत लगेच सांगत नसत.

इथं मात्र अडचण वेगळी होती कारण आवाज लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. ऐकणाऱ्यानं काय समजायचं? माझं मत असं की त्या एका रात्रीपुरतं न सांगणं बरोबरच होतं, कारण पुढचं वाक्य नीट वाचलं गेलं हेच श्रोत्यांना दिलेलं उत्तर होतं. निवेदक जिवंत आहे, स्टुडिओ चालू आहे, लाइन चालू आहे. पण हे चालतं ते आधीचा विश्वास असेल तरच. बीबीसी ब्रिटनचे पराभवसुद्धा सांगायची, कधी उशिरा, कधी मोघम, पण सांगायची, म्हणून एका रात्रीचं मौन लोकांनी सोसलं.

आपल्याकडून बघताना हा विश्वास सगळीकडे सारखा नव्हता हे सांगायलाच हवं. बीबीसीची हिंदुस्तानी सेवा त्याच वर्षी मे मध्ये सुरू झाली होती, आणि १९४२ मध्ये मराठी वार्तापत्रही सुरू झालं. पुण्यात हुजूरपागेत शिकलेल्या वेणू चितळे तेव्हा लंडनमध्ये बीबीसीच्या भारतीय विभागात काम करत होत्या, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका जुन्या दुकानाच्या इमारतीत थाटलेल्या ऑफिसात. पण त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधी-नेहरूंना अटक झाली आणि मुंबईत काँग्रेस रेडिओ गुपचूप सुरू झाला, उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ट्रान्समीटर एका घरातून दुसऱ्या घरात हलवत नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत बोलत राहिले. लंडनचा स्थिर आवाज इथल्या माणसाला राज्यकर्त्याचाही आवाज वाटायचा, आणि तसं वाटणं रास्तच होतं.

पुढं काय झालं

इमारत दुसऱ्या दिवशीही चालू राहिली. अवघ्या आठ आठवड्यांनी, ८ डिसेंबर १९४० च्या रात्री, पोर्टलँड प्लेसमध्ये पॅराशूटनं उतरणारा मोठा सुरुंग फुटला, यावेळी रस्त्यावर. आग लागली, ती कित्येक तास धुमसत होती, पुन्हा खालचे मजले पाण्यानं भरले. या दुसऱ्या तडाख्यानंतर परदेशी भाषांत बोलणारी युरोपियन सेवा तिथून हलवली, आधी मेडा व्हेलला आणि मग १९४१ मध्ये बुश हाउसला, आणि बुश हाउस पुढं सत्तर वर्षं बीबीसीच्या जागतिक सेवेचं घर राहिलं.

इमारतीच्या रचनेनं आपलं काम केलं असं म्हणायला हरकत नाही. मधला मनोरा टिकला, तळघर टिकलं, प्रक्षेपण तुटलं नाही. माणसं गेली ती बॉम्बजवळची.

निर्णय जिथं घसरले असं मला वाटतं

पहिलं, हवेत राहायचं यासाठी सविस्तर तयारी होती आणि न फुटलेल्या बॉम्बसाठी तेवढी दिसत नाही. ट्रान्समीटर कुणी बंद करायचा, कुणाच्या निरोपावरून, किती सेकंदात, हे ठरलेलं. निवेदकानं काय बोलायचं ठरलेलं. पण इमारतीत बॉम्ब येऊन बसला तर त्या मजल्यावर कुणाचा शब्द शेवटचा, प्रसारणवाल्यांचा, पहारेकऱ्यांचा, अग्निशमनवाल्यांचा की सैन्याचा, हे आधी लख्ख ठरलेलं असतं आणि "तुकडी येईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही" एवढा एक नियम भिंतीवर असता, तर बॉम्ब फुटला असताच पण रिकाम्या मजल्यावर फुटला असता.

दुसरं, हलवण्यातून मिळणार काय होतं हे कुणी मोठ्यानं विचारायला हवं होतं. संगीत ग्रंथालय वाचलं असतं, भिंत वाचली असती. मौल्यवान होतं ते, वर्षानुवर्षं जमवलेल्या स्वरलिप्या. पण बातम्यांना त्या बॉम्बपासून धोका नव्हता, हे ५७ मिनिटांनी सिद्धच झालं. म्हणजे प्रसारण चालू ठेवण्यासाठी बॉम्ब हलवणं गरजेचं नव्हतं. चालू ठेवायचं आणि सगळं वाचवायचं या दोन गोष्टी त्या गडबडीत एकच वाटल्या असाव्यात.

तिसरं, वेळ. बॉम्ब घड्याळाचा आहे की नाही हे कळत नसेल तर तो घड्याळाचा आहे असंच धरून चालायचं, आणि घड्याळात उरलेला वेळ शून्य धरायचा. तासाभरात काही झालं नाही की माणसाला वाटायला लागतं की आता काही होत नाही, आणि घड्याळवाला बॉम्ब बनवणाऱ्यानं नेमका हाच हिशेब केलेला असतो.

चौथं, उलट बाजूनं. इमारत पूर्ण रिकामी करायला हवी होती असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. तळघरात राहिलेल्या माणसांचा धोका मोजता येण्यासारखा होता, आणि त्या रात्री लंडनमध्ये कुठलंच तळघर त्याहून फार सुरक्षित नव्हतं, बॅलमला आदल्या रात्री काय झालं ते समोर होतंच. तिथं राहायचं की नाही हे प्रत्येकाला स्वतः ठरवू दिलं असतं तर जास्त बरं झालं असतं, एवढंच.

आज असं काम करणाऱ्यांसाठी

कंट्रोल रूम, न्यूजरूम, हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग, धरणाचं ऑफिस, जिथं "काही झालं तरी चालू राहिलं पाहिजे" असं म्हणतात तिथं हे प्रकरण घेऊन बसावं आणि दोन याद्या कराव्यात. एका यादीत काम चालू राहायला नेमकी किती माणसं, कुठल्या खोलीत, कुठल्या वायरीवर लागतात ते. दुसऱ्या यादीत बाकीची सगळी माणसं, आणि धोका आत आला की ती कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या जिन्यानं, किती मिनिटांत बाहेर पडतात ते. बीबीसीची पहिली यादी उत्तम होती. दुसरी करताना प्रत्येक मजल्यासमोर एका माणसाचं पद लिहावं, ज्याच्या "निघा" या शब्दावर कुणी वाद घालणार नाही, आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याचं.